पदाचा रकाना

शिरूरच्या एसटी स्टँडमागं रशीदभाईंचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, दहावा, जावळ, बैलगाडा शर्यत, काहीही असो, तालुक्यात कुणी हसला किंवा कुणी मेला की त्याची बातमी आधी या दुकानात येते आणि मग चौकात लागते. पण फ्लेक्स म्हणजे नुसती बातमी नव्हे. कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, कुणाचा कोपऱ्यात, यावर इकडं अर्धं राजकारण चालतं. एकदा उपसरपंचाचा फोटो सरपंचापेक्षा बोटभर मोठा झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची काच रस्त्यावर पडलेली होती.

रशीदभाई मूळचे ब्रशचे पेंटर. त्यांनी हे सगळं निमूटपणे सोसलं. त्यांची मुलगी मेहक सोसणाऱ्यांतली नव्हती. तिनं शिरूरच्या कॉलेजात कंप्युटरची पदवी घेतली होती, आणि पायथन ही तिची आवडती भाषा. ज्या कामासाठी अब्बा तीन तीन तास खुर्चीत वाकून बसतात आणि वर शिव्या खातात, ते काम यंत्रानंच करावं असं तिनं ठरवलं आणि चार महिने खपून एक प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं ‘मांडणी’. त्यात माणसाचं नाव टाकायचं, पद टाकायचं, मोबाइलवरचा फोटो टाकायचा. बाकी मांडणी बघून घेई. फोटोमागची भिंत, मोटरसायकल, पंखा कापून टाकी, पदाचं वजन बघून कुणाला केवढं करायचं ते ठरवी, आणि दोन मिनिटांत फ्लेक्स तयार.

वजनं अब्बांनी सांगितली होती. ते स्टुलावर बसून बोटांवर मोजत होते आणि ही टाइप करत होती. आमदार दहा, झेडपी सदस्य आठ, सरपंच सात, सोसायटीचा चेअरमन सहा, माजी काहीही असला तर एक वजा. आयोजक मधोमध, शुभेच्छुक दोन, मित्रपरिवार आणि किरकोळ पदं सगळ्यात शेवटी, एक. जागा कमी पडली तर खालून कापत यायचं.

“आन् ज्याला पदच न्हाई?” अब्बांनी विचारलं होतं.

“त्याला वगळायचं,” मेहक हसत म्हणाली होती. “लोक कुणाचेही फोटो पाठवतात अब्बा. जो कुणीच नाही, त्याला फ्लेक्सवर शोधायला कोण येतंय?”

आणि तिनं ओळ लिहिली. पदाचा रकाना रिकामा असेल तर त्या माणसाला वगळ. एका ओळीत झालं म्हणून तिला त्या ओळीचा जरा अभिमानही होता.

मांडणी चालली. चालली म्हणजे धावली. न्हावरा, पाटस, केडगाव, दौंड अशा आठ गावांतले दुकानदार ती वापरू लागले. त्यांना वेगापेक्षा दुसरीच गोष्ट गोड लागली. कुणी भांडायला आला की हात वर करून सांगायचं, “कंप्युटरनं लावलंय दादा, आमचा काय हात?” भांडणारा मुकाट परत जाई. सरपंचाला दरडावता येतं, पेंटरची काच फोडता येते. कंप्युटरची काय फोडणार?

आता कारेगावच्या प्राचीची गोष्ट. वस्तीवरच्या आक्काबाईंची ही मुलगी रेल्वेच्या परीक्षेत निवडून आली. इंजिन चालवणाऱ्याची सहायक, आणि पहिलीच नेमणूक दौंडला. गावात आजवर कुणी इंजिनात चढलं नव्हतं, आणि ही चढणार होती. वस्तीत पेढे वाटले गेले. लगोलग हौशीराम जागा झाला.

हौशीरामची ओळख करून द्यायची तर त्याच्याच फ्लेक्सवरून द्यावी. युवा नेते, भावी सरपंच, गोरगरिबांचे कैवारी. रांजणगावच्या कंपन्यांना माणसं पुरवायची आणि गावात कुणाचं काही बरं झालं की पहिला फ्लेक्स आपण लावायचा, हे त्याचं दोन पायांवर उभं असलेलं राजकारण. प्राचीचा गौरव तो सोडतो थोडाच! चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स, रविवारी संध्याकाळी भव्य सत्कार, स्टेजमागं वीस फुटी पडदा. मोबाइलवरून त्यानं चौतीस जणांची यादी पाठवली. त्यात तो स्वतः तीनदा होता: आयोजक म्हणून, निमंत्रक म्हणून आणि भावी सरपंच म्हणून. मेहकनं यादी तशीच्या तशी मांडणीत टाकली.

मंगळवारी दुपारी आक्काबाई स्वतः दुकानात आल्या. कंपनीच्या कँटीनमधून भांडी घासून परस्पर आलेल्या, हातांना अजून पावडरीचा वास होता. दारातच थांबल्या.

“पोरी, प्राचीचा फ्लेक्स हितंच व्हनारे नव्हं?”

“हो मावशी, या ना. तुम्ही प्राचीची आई? पेढे कुठायत?”

त्या हसल्या, पण त्यांचं लक्ष पदराच्या गाठीकडं होतं. गाठ सोडून त्यांनी एक फोटो काढला. पासपोर्टएवढाच, पिवळट, आणि एका खांद्यावर अर्धा गोल शिक्का उमटलेला.

“ह्यो ह्यांचा, प्राचीच्या बापाचा. ते तर गेले. दुसरा न्हाईच बग. दौंडच्या लायनीवर ठेकेदाराकडं खडी टाकाया व्हते, तवाच्या पासावरनं काडलाय. आता तीच लायन, आन् पोरगी वरनं गाडी नेनार. ह्यास्नी फ्लेक्सवर घे. आन् जागा उरली तर मग मला.”

मेहकनं फोटो दोन्ही हातांनी घेतला. तिनं फोटो स्कॅनरवर ठेवला, मोबाइलवर आक्काबाईंचा फोटो काढला. हौशीरामच्या यादीखाली दोन नावं लिहिली. खंडू, नातं वडील. आक्काबाई, नातं आई. तेवढ्यात फोन वाजला, दहाव्याचा फ्लेक्स घ्यायला माणूस आला, प्रिंटरमध्ये शाई संपली. पदाचा रकाना रिकामाच राहिला. मांडणीनं कुणालाही न विचारता आपलं काम केलं, आणि बुधवारी सकाळी फ्लेक्स कारेगावच्या चौकात चढला. लावण्याआधी मेहकनं तो उलगडून पाहिला नाही. पाहायची सवयच राहिली नव्हती.

गुरुवारी आक्काबाई परत आल्या. दारात उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं.

“ह्यांचा फोटू तेवढा दे माघारी. येकच हाय.”

“दिला नाही का मी? थांबा हं. पाहिलात ना फ्लेक्स? कसा झालाय?”

“चांगला झालाय. प्राची हाय की कोपऱ्यात. सकाळच्याला वस्तीतल्या बायांना घिऊन गेले व्हते बगाया. समद्यांनी शोधलं. कस्तुराबाई चष्मा घिऊन आली, तिनंबी शोधलं.” मग कुणाच्या घरी जादा चहा मागावा तसं हळू विचारलं, “जागा न्हवती का?”

मेहकनं स्कॅनरचं झाकण उचललं. खंडूचा फोटो तिथंच पालथा पडला होता, मंगळवारपासून.

आक्काबाई फोटो गाठीत बांधून गेल्या आणि मेहक कंप्युटरसमोर बसली. मांडणी प्रत्येक कामाची एक नोंद ठेवत असे. ती नोंद आजवर तिनं कधी उघडली नव्हती. उघडली. लावले: चौतीस. वगळले: दोन. कारण: पद नाही.

तिनं फ्लेक्सचं चित्र पडद्यावर घेतलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. वर महापुरुषांची रांग. मधोमध हौशीराम, कानाला मोबाइल लावून. डावीकडं परत हौशीराम, हात जोडून. उजवीकडं परत हौशीराम, गॉगल घालून. कडेनं आमदारसाहेब आणि हौशीरामचे अठ्ठावीस सवंगडी. खाली उजव्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी कोपराखाली, प्राची. पद: सहायक. आणि प्राचीहून मोठा, बरं का, प्राचीहून मोठा, स्वराज! हौशीरामचं पोरगं. वय वर्षं तीन. तोंडाला आइस्क्रीम लागलेलं. पद: बालशुभेच्छुक.

तीन वर्षांच्या पोराला पद आहे. जो बाप उन्हात खडी ओढून मेला त्याला नाही. जी बाई दोन पाळ्यांची भांडी घासून पोरीला शिकवते तिला नाही. आणि हे कुणा हौशीरामनं केलेलं नव्हतं. हौशीरामनं त्यांची नावं दिली नव्हती, एवढंच. दिलेली नावं कापली होती ती मेहकनं, वर्षभरापूर्वी, हसत हसत, एका ओळीत. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पण स्वतःवर चिडून माणूस किती वेळ बसणार? तिनं हौशीरामला फोन लावला. रविवारचा पडदा अजून छापायचा होता. तो तासाभरानं आला, मागं दोन पोरं, पुढं पोट.

“बोला मेहकताई. पडदा झाला का?”

“दादा, चौकातल्या फ्लेक्सवर प्राचीचे आईवडील राहिले. माझ्या प्रोग्रॅमची चूक आहे. तो मी परत छापून देते. आणि पडद्यावर दोघांना प्राचीच्या शेजारी घेते.”

“आरं, असं कसं? शेजारी तर आमदारसाहेब हायेत.”

“मग तुमच्या तीन फोटोंतला एक काढू.”

मागची पोरं खिदळली. हौशीराम हसला नाही. त्यानं खुर्ची ओढली आणि लहान मुलाला समजवावं तसा सूर लावला.

“ताई, तुम्ही शिकल्याल्या हाय, पर गावाचं तुम्हाला ठाव न्हाई. आई-बाप घरात अस्त्यात. फ्लेक्स चौकात अस्तोय. आन् वस्तीवरच्या पोरीचा सत्कार आख्खं गाव करतंय, ह्ये काय कमी हाय? आजवर कुनी केलाय? उगं कायबी मागू नये मानसानं.”

“त्यांनी काही मागितलं नाही,” मेहक म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “त्यांनी विचारलं, जागा नव्हती का म्हणून. तीन वर्षांच्या स्वराजला जागा आहे. तुम्हाला तीन जागा आहेत. ज्याच्या पोरीच्या जिवावर तुम्ही मिरवताय त्याला नाही. लाज नाही का वाटत?”

हौशीराम उठला आणि तिच्याशी न बोलता रशीदभाईंकडं वळला.

“चाचा, पोरीला आवरा. वर्साचं माझं काम किती अस्तंय तुमच्याकडं? ह्यो पडदा मी दौंडला छापतो. पोपटकडं. आन् ह्यापुढचं समदं तिकडंच.”

“खुशाल जा,” मेहक म्हणाली. “पण आधीच सांगते. पोपटमामाही माझाच प्रोग्रॅम वापरतात. तो आजच्या आज बदलणार आहे. कुठंही छापा, आईबाप सुटायचे नाहीत.”

“बगू, बगू,” म्हणत तो हसत बाहेर पडला. त्याला ती धमकी वाटली नाही, कारण त्याला ते कळलंच नाही.

अब्बा आता बोलतील म्हणून मेहकनं मान खाली घातली. दुकानाचं निम्मं काम हौशीरामचं होतं. पण अब्बा स्टुलावर बसून आपल्या हाताच्या पंज्याकडं बघत होते. त्यांच्या अंगठ्याच्या नखात तीस वर्षांपूर्वीचा निळा रंग अजून होता, असं ते नेहमी म्हणत.

“ब्रशानं लिहायचो तवा कुनाचं नाव राह्यचं न्हाई,” ते म्हणाले. “हातानं लिहायचं म्हंजी येकेक नाव वाचाया लागतं. वजनं तुला मीच सांगितली बेटा. त्यात ह्यांचं वजन सांगाया मीबी इसरलो. बदल ती वळ.”

मेहकनं ओळ बदलली नाही. काढूनच टाकली. मग तिच्या जागी नवं लिहू लागली. आधी विचार: हा गौरव कुणाचा? त्याला पदाशिवाय सगळ्यात मोठी जागा. मग विचार: त्याला वाढवलं कुणी? त्यांना त्याच्या शेजारी, पदाशिवाय. या तिघांची निम्मी जागा कुणीही कापायची नाही, आमदारानंही नाही. उरलेल्या जागेत बाकीचे. आणि एका माणसाचा एकच फोटो. हे लिहिताना तिची बोटं कीबोर्डवर इतकी जोरात पडत होती की अब्बांनी दोनदा वळून पाहिलं.

चोरून तिनं काही केलं नाही. आठही दुकानदारांच्या ग्रुपवर तिनं सगळे नियम मराठीत सविस्तर लिहून टाकले. खाली लिहिलं, ‘छापण्याआधी चित्र नीट पाहावे.’ दौंडच्या पोपटमामांचा अंगठा आणि जोडलेले हात लगेच आले. एवढा मजकूर वाचायला निदान दोन मिनिटं लागली असती. अंगठा चार सेकंदांत आला.

पुढं दौंडला काय घडलं ते पोपटमामांनीच नंतर कपाळावर हात मारत सांगितलं. त्यांनी हौशीरामचा मोबाइल नंबर टाकला. मांडणीत आठही दुकानांची कामं एकत्र साठत, म्हणून त्या नंबरावर आधीची यादी फोटोंसह होती, छत्तीसच्या छत्तीस, गौरव प्राचीचा या नोंदीसकट आणि खंडू, आक्काबाईंच्या नात्यांसकट. त्यांनी बटण दाबलं. चित्र आलं ते न उघडता हौशीरामला पाठवलं. हौशीराम मांडववाल्याशी बोलत होता. त्यानं न उघडता ‘ओके’ कळवलं. बरोबरच आहे. बुधवारी मेहकनं तरी कुठं उघडून पाहिलं होतं?

रविवारी संध्याकाळी मेहक अब्बांच्या स्कूटरवरून कारेगावला गेली. शाळेच्या पटांगणात मांडव पडला होता. पहिली पाळी सुटून आलेले कामगार कंपनीच्या शर्टातच खुर्च्या धरून बसले होते. पडद्याची गुंडाळी दौंडहून उशिरा आली. दोन माणसं शिडीवर चढली, वरचे दोर बांधले आणि पडदा सोडला.

तो खडखडत खाली आला आणि सगळ्या पटांगणाच्या माना वर झाल्या.

मधोमध प्राची होती, निळ्या शर्टात, पुरुषभर उंच. तिच्या एका अंगाला आक्काबाई, दुकानात काढलेल्या फोटोतल्या, डोक्यावर पदर. दुसऱ्या अंगाला खंडू. पासावरचा एवढासा फोटो सहा फूट झाला होता, त्यामुळं चेहरा जरा धुरकट आला होता, आणि मांडणीनं मागची भिंत कापली तरी खांद्यावरचा ठेकेदाराचा अर्धा शिक्का तिला कापता आला नव्हता. तो तसाच होता, ताटाएवढा. खाली, एका ओळीत, पोस्टाच्या तिकिटाएवढे आमदारांपासून स्वराजपर्यंत सगळे. हौशीराम एकदाच.

मग जो गलका झाला! सवंगडी स्टेजजवळ जाऊन वाकून वाकून आपापले फोटो शोधू लागले. “हौशा, माझा कुठाय रं?” “आरं, ह्यात तर मी ओळखूबी येईना!” हौशीराम फोनवर पोपटमामांवर ओरडत होता आणि पोपटमामा तिकडून सांगत होते, “कंप्युटरनं लावलंय दादा, माझा काय हात?” पडदा उतरवावा तर मागं उघडी पत्र्याची शेड, आणि पाहुण्यांची गाडी फाटकात आलेली. शेवटी त्यालाच माइक हातात घ्यावा लागला. सहा फुटी खंडूकडं पाठ करून तो ‘गोरगरिबांचे कैवारी’ या विषयावर बोलला. कुणी त्याच्याकडं पाहत नव्हतं.

आक्काबाईंना स्टेजवर कुणी बोलावलं नाही. पडदा बदलला म्हणून माणसं थोडीच बदलतात! प्राचीनं शाल घेतली, पायऱ्या उतरून खाली आली, ती आईच्या खांद्यावर टाकली आणि परत वर जाऊन उभी राहिली. टाळ्या मागच्या खुर्च्यांतून आल्या.

कार्यक्रम संपला, खुर्च्या गोळा होऊ लागल्या. आक्काबाई स्टेजवर चढून पडद्यासमोर उभ्या होत्या. मेहक जवळ गेली. त्यांनी खंडूच्या खांद्यावरचा शिक्का हातानं पुसल्यासारखं केलं. मग वळल्या.

“येवढी जागा कुठनं आली गं?”

“जागा होतीच मावशी.”

त्यांनी मेहककडं रोखून पाहिलं.

“व्हती? मंग चौकात का न्हवती?”

मेहकला सांगता आलं असतं, कंप्युटरनं लावलं होतं. आठ गावचे दुकानदार तेच सांगत होते. हौशीरामचं नाव घेता आलं असतं, तेही निम्मं खरं झालं असतं.

“मी ठेवली नव्हती,” ती म्हणाली. “ज्याला पद नाही त्याला वगळायचं, असं मीच लिहिलं होतं.”

आक्काबाईंचा चेहरा लाल झाला. गुरुवारी दुकानाच्या दारात जे आलं नव्हतं ते आता आलं.

“पद न्हाई?” त्या म्हणाल्या, आणि आवाज असा चढला की खुर्च्या उचलणारी माणसं थांबली. “बाप हाय त्यो तिचा! मी आई हाय! ह्याच्याहून मोठं कंचं पद लिवनार व्हतीस तू?”

मेहक मान खाली न घालता उभी राहिली. आक्काबाई अजून बोलतच होत्या, आणि तिला त्यातला एकही शब्द वगळायचा नव्हता.